गिळलेला ट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा खोकला गेला का? काढा घेतेस ना, की नुसता उकळून ठेवतेस? मी मजेत आहे. फक्त खांदे माझे आहेत असं वाटत नाही.

झालं असं. आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी फक्त इंग्रजीतच बोलायचं असा फतवा काढलाय. मी डोळे तपासतो, माझं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. (मास्तर तसे मिळाले, माझा काय दोष!) काउंटरवर फ्रेमा बसवणारी जी आहे (हो, तीच, जिच्याबद्दल मी फोनवर ‘सहज’ सांगतो), ती अमेरिकन शिकवणीतली. मी म्हणतो ‘ग्लासेस’, ती म्हणते ‘ग्लॅसेस’. परवा एका आजोबांनी विचारलं, दोन्हींत टिकाऊ कोणता?

तर मी धीर करून तिला रविवारी जेवायला बोलावलं, अर्थात इंग्रजीत. ती म्हणाली, ‘आय कॅन.’ मी हवेत! रविवारी पहाटेपासून स्वयंपाक केला, नवा शर्ट घातला, वाट पाहिली. बाई आल्याच नाहीत. आजारी असेल म्हणून डबा भरून तिच्या घरी गेलो, तर दारात टेम्पो. जिन्यावरून तिचे वडील गरजले, “आत्ता उगवलास? धर ते टोक!” हमाल आला नव्हता, तो मीच असं त्यांनी ठरवलं. (त्यांचा आवाज असा, की माणूस आधी उचलतो आणि मग विचार करतो.) गाद्या, पिंपं, शिलाई मशीन, सगळं टेम्पोत चढवलं आणि नव्या घरी उतरवलं. शेवटी लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर असं रुतलं, की ना वर, ना खाली. खाली मी, माझ्या मागे वडील. तेवढ्यात वरून फटीतून धुळीनं माखलेला चेहरा डोकावला. तीच! सकाळपासून नव्या घरी झाडलोट करत होती.

“तू इथे कसा?”

“तूच ‘कॅन’ म्हणालीस ना?”

“अरे, ‘कॅन्ट’ म्हणाले! घर बदलायचं होतं.”

“मग ट कुठे गेला?”

“आमच्या अमेरिकन इंग्रजीत तो गिळतात!”

ताई, मी एवढा हसलो की कपाट हललं. गळ्यातल्या पिशवीतला डबा कपाटावरून पलीकडे सरकवला. ती पायरीवर बसून जेवली, बोटं चाटली. ते फटीतून पाहिलं आणि मला राहवलं नाही. सरळ मराठीत विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

डब्याचं झाकण लागलं. मग आवाज आला, “करीन की. पण भाजीत मीठ जरा कमी घालत जा.”

मागून वडील म्हणाले, “हा हमाल नाही?”

दाजींना नमस्कार, पिल्लांना पापे.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी तुम्ही दोघं बोलणी करायला या.

ता. ता. क. कपाट अजून तिथेच आहे. ते वर गेल्याशिवाय बोलणी नाहीत, असं वडिलांनी बजावलंय. तेव्हा तू नाही आलीस तरी चालेल, दाजींना मात्र नक्की पाठव.