माझ्या वतीने केलेली प्रार्थना

येरवडा, पुणे
बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

प्रिय विश्वजीतदादा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम. तू, तनुजावहिनी आणि पियुष बरे असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. आईही बरी आहे, पण ते तुला माझ्याहून जास्त माहीत असणार, कारण ती अजून तुझ्याच घरी आहे. इकडे कॉलेजात पहिल्या चाचणीचे पेपर तपासायला आले आहेत. मागणी आणि पुरवठा यांच्या आकृतीत एका मुलाने दोन्ही रेषा एकाच दिशेला काढल्या आहेत. आत्मविश्वास बघून मी त्याला अर्धा गुण दिला.

येरवड्याहून हडपसरला पत्र लिहावं इतकं काही अंतर नाही, रिक्षाने तासाभरात पोचता येतं. पण समोर आले किंवा फोन केला, की मी मुद्द्यावर येताच तू म्हणतोस, "चल, यावर आपण प्रार्थना करू." आणि डोळे मिटतोस. फोनवरही मिटतोस, मला आवाजावरून कळतं. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मला भांडायचं आहे. पत्र वाचायला निदान डोळे उघडे ठेवावे लागतील.

तुझी कॅनडाला बदली झाली याचा मला राग नाही, हे आधी सांगते. तू जा. पियुषचं शिक्षण होईल, वहिनींना थंडी आवडते. राग आहे तो "प्रभूने दार उघडलं" या वाक्याचा. प्रभूने तुझ्यासाठी आजवर बरीच दारं उघडली. ती सगळी तुला जायचं असतं त्याच दिशेला उघडतात. आईच्या न्हाणीघराकडे उघडलेलं एकही दार मी पाहिलं नाही.

हे वाक्य लिहून मी थांबले. ते अन्यायाचं आहे. आईला पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षं ती तुझ्याच घरी आहे. डॉक्टर, व्यायाम, गोळ्या, सगळं तू केलंस. पण आंघोळ वहिनी घालतात. तेव्हा वाक्य अर्धं अन्यायाचं आहे. मी ते खोडत नाही.

आता त्या रविवारबद्दल.

उपासनेनंतर तू पाळकसाहेबांना जेवायला बोलावलंस, मलाही बोलावलंस. मला वाटलं, जाण्याआधीचं घरचं जेवण. टेबलावर बिर्याणी आली, आईची खुर्ची सरकवून झाली, आणि तू म्हणालास, "एक छोटीशी प्रार्थना करू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. तू बदलीबद्दल आभार मानलेस, व्हिसाबद्दल मानलेस, पियुषच्या प्रवेशाबद्दल मानलेस. मग तोच आवाज जरा खाली आणून तू म्हणालास (मला शब्दन् शब्द आठवतो, कारण त्यानंतर मी दुसरं काही फारसं आठवलेलंच नाही): "प्रभू, तू माझ्या बहिणीला संसाराच्या बंधनातून मोकळं ठेवलंस ते याच सेवेसाठी, हे आज आम्हाला कळतंय. तिने आईसाठी आपलं पुढचं आयुष्य वाहिलं आहे, म्हणून तुझे उपकार मानतो. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

हो, म्हणाले. बाई वर्गात आल्या की मुलं जशी उभी राहतात, तसं ते तोंडातून निघतं. तुला ते माहीत होतं. आपल्या लोकांत प्रार्थनेच्या मध्येच हात वर करून "थांबा, यातलं हे खरं नाही" असं कोणी म्हणत नाही. तू मला काही विचारलंच नाहीस. तू माझ्यासमोर देवाला सांगितलंस आणि त्याच्या आडून माझी सही घेतलीस. मी डोळे उघडले तेव्हा पाळकसाहेब भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. "शेफालीताई, मोठा त्याग आहे हो." वहिनी रायत्याचं भांडं माझ्याकडे सरकवत होत्या. तू आईच्या ताटात वाढत होतास. मी रायतं वाढून घेतलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ते सगळ्या मंडळीला सांगितलं. स्त्रीसभेच्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. एकजण म्हणाली, "आमच्या सुनेला सांगते तुझ्याबद्दल." त्या सुनेची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

हे सगळं मी पाळकसाहेबांना जाऊन का सांगितलं नाही, असं तू विचारशील. कारण मला खात्री नव्हती. रोज रात्री रोजनिशी लिहिताना (तू तिला माझं पापकबुलीचं खातं म्हणतोस) मी स्वतःला एकच विचारत होते: माझा हा राग न्यायाचा आहे, की फक्त माझ्या सोयीच्या आड कोणी आलं म्हणून आहे? आई मला जड आहे का? नाही. ती माझ्याकडे आली तर मी तिला ठेवीन का? आनंदाने. मग तू जे म्हणालास ते चुकीचं कसं?

उत्तर आईने दिलं.

परवा दुपारी तू ऑफिसात होतास तेव्हा मी तिला भेटायला आले होते. ती बाल्कनीत बसून उजव्या हाताने चेंडू दाबायचा व्यायाम करत होती. चेंडू सारखा पडत होता आणि ती त्याला शिव्या घालत होती. तोंड आता जवळजवळ सरळ झालंय तिचं, शब्द सावकाश येतात, पण मांजरी गावची बोली गेली नाही. मी म्हटलं, "आई, दादा गेल्यावर तू माझ्याकडे यायचंस."

"मला कुनी सांगितलं?"

"त्या दिवशी प्रार्थनेत दादा म्हणाला ना."

"ते देवाला सांगत हुता. मी बाजूलाच बसले हुते, मला कुटं काय बोलला?" चेंडू परत पडला. मी उचलून दिला. "माझं अंग गेलं, कान न्हाई गेले. मला इचारायला काय तोंड दुखत हुतं का त्याचं?"

मी विचारलं, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? कॅनडाला गेली असतीस?"

"न्हाई. त्या बर्फात कशाला मरायला जाऊ? पन 'आई, येतेस का?' म्हनायचं तरी. नगं म्हनायला मिळालं असतं मला." मग चेंडू मांडीवर ठेवून म्हणाली, "तू तरी इचारलंस का? 'यायचंस' म्हनालीस. तू बी त्याचीच बहीण."

दादा, माझ्या कानाखाली वाजवल्यासारखं झालं. मी तिला पुन्हा, नीट विचारलं. ती म्हणाली, इचार करून सांगते. आणि मला दीड दिवस थांबायला लावलं. देवाने कोणाला एवढं ताटकळत ठेवलं नसेल.

म्हणजे तू जे म्हणालास ते चुकीचं का, हे मला आता कळतं. तू देवाची इच्छा शोधलीस, पण ज्यांच्याबद्दल ती शोधत होतास त्या दोन बायका त्याच टेबलावर बसल्या होत्या, आणि त्यांच्याशी तू बोलला नाहीस. स्वर्गात विचारणा केलीस, शेजारच्या खुर्चीवर केली नाहीस.

इथवर पत्र आईबद्दल आहे. इथेच सही करून ते पाकिटात घालता आलं असतं, आणि तूही वाचून म्हणाला असतास की शेफाली आईसाठी भांडली, चांगली मुलगी आहे. मला ते नकोय. पत्राच्या सुरुवातीपासून मी एक गोष्ट टाळतेय.

श्री. रामदास हिवाळे. आपल्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातात ते, कॅम्पात चष्म्याचं दुकान आहे. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी मला लग्नाचं विचारून दोन वर्षं होत आली आहेत. हे तुला माहीत नाही असं मी धरून चालले होते.

मी ते फक्त वहिनींना सांगितलं होतं, फेब्रुवारीत. सांगतानासुद्धा मला लाज वाटत होती, या वयात हे काय, म्हणून मी त्याला आपल्या पद्धतीचं नाव दिलं: "वहिनी, एक प्रार्थनाविनंती आहे, कोणाला सांगू नका." वहिनींनी माझा हात धरून प्रार्थना केली, चांगली केली. मग त्यांनी ती विनंती तुझ्यापर्यंत पोचवली. त्यांचा मला फारसा राग नाही. प्रार्थनाविनंती म्हणून सांगितलेली गोष्ट आपल्यात कोणाच्या पोटात राहिली आहे?

पण तुला माहीत होतं, दादा. डोळे मिटून "संसाराच्या बंधनातून मोकळं ठेवलंस" म्हणताना तुला माहीत होतं.

ते मला कसं कळलं ते सांगते. त्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी तू रामदासांच्या दुकानात गेलास. नवी फ्रेम बघायची म्हणालास. त्यांनी तुझे डोळे तपासले, आणि तपासून झाल्यावर तू म्हणालास, "माझ्या बहिणीचं पाचारण वेगळं आहे. मंडळीसमोर ते येईल आता. तुम्ही समजूतदार आहात, प्रार्थना करून मागे व्हा." त्यांनी तुला काय उत्तर दिलं ते मी त्यांना विचारलं. म्हणाले, "काय देणार? गिऱ्हाईक होतं. जवळचा नंबर वाढलाय एवढं सांगितलं." टोमणा नव्हता तो. खरंच वाढलाय, चष्मा करून घे.

हे त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. तीन आठवडे सांगितलं नाही. त्यांना वाटलं, मीच तुला पाठवलं. दोन वर्षं मी त्यांना "मी प्रार्थना करतेय" म्हणत होते ना, तेव्हा नाही म्हणायची ही माझीच रीत असेल असं वाटलं त्यांना. हे ऐकल्यावर मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून रडले, आणि मग मला असा संताप आला की समोरचे सगळे आरसे फोडावेसे वाटले.

संताप तुझा आला, आणि खरं सांगायचं तर त्या शब्दांचाही आला. "प्रार्थना करतेय." मी खरंच करत होते. खूण मागत होते, वचन मागत होते, मनाला शांती दे म्हणत होते. काहीच येत नव्हतं. रामदास एकदा म्हणाले होते, "शेफाली, हे तुम्ही देवाला विचारताय, की देवाने तुमच्या वतीने मला उत्तर द्यावं म्हणून थांबलाय?" मी तेव्हा चिडले होते. पण माणसाला भीती वाटते तेव्हा तो म्हणतो, मला मार्गदर्शन मिळालेलं नाही. आणि त्याला एखादी गोष्ट हवी असते तेव्हा म्हणतो, मला मार्गदर्शन मिळालं. मी पहिल्यातली, तू दुसऱ्यातला. फरक एवढाच की माझ्या न मिळालेल्या मार्गदर्शनाने मी फक्त एका माणसाला ताटकळत ठेवलं. तू तुझ्या मिळालेल्या मार्गदर्शनाने एका दुपारी तिघांची आयुष्यं लावून दिलीस आणि वर बिर्याणी वाढलीस.

काल मी रामदासांना हो म्हटलं.

देवाने सांगितलं म्हणून नाही. मला आवाज आला नाही, शास्त्र उघडल्यावर कुठलं वचन अंगावर आलं नाही. शांती तर मुळीच नाही. मी गुडघे टेकून एवढंच म्हटलं की मी हे करतेय, चुकत असेन तर मला सावर. चुकले तर ती चूक माझ्या नावावर राहील. त्याच्या नावावर मी ती मांडणार नाही. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये हे आपण लहानपणी पाठ केलं तेव्हा मला वाटायचं, ते शिव्या देणाऱ्यांसाठी आहे.

आणि आई. काल संध्याकाळी तिने मला फोन केला, वहिनींकडून लावून घेऊन. "येते मी तुज्याकडं. पन तू त्या चष्मेवाल्याला हो म्हन आधी." तिला कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, "तुजी वहिनी माज्यासंगं बी प्रार्थना करती ना." मी म्हटलं, हो म्हटलंय. ती म्हणाली, "मग त्याला इचार, सासू चालंल का." मी विचारलं. ते म्हणाले, घर तळमजल्यावर आहे, खुर्ची आत येते, पण न्हाणीघराला दांडी बसवून घ्यावी लागेल. एवढंच. त्यांच्याकडे दारं उघडण्याबद्दल काही बोलणं झालं नाही. सुताराला बोलावलंय.

तू दोन गोष्टी कर. दोन्ही डोळे उघडे ठेवून. एक, जाण्याआधी आईसमोर बस आणि तिला विचार: आई, तू कॅनडाला येतेस का? ती नाही म्हणणार आहे. तिला ते म्हणू दे. दुसरी, पाळकसाहेबांना जाऊन सांग की शेफालीने काही वाहिलेलं नव्हतं, ते मी म्हणालो होतो. मी सांगू शकते, पण मी सांगितलं तर मंडळी म्हणेल की बाईने देवाला दिलेला शब्द मोडला. ते मी अंगावर घेणार नाही. तू जे बोललास ते तू परत घे.

येत्या रविवारी, उपासनेत जाहिराती वाचतात तेव्हा, आमच्या लग्नाची पहिली सूचना वाचली जाईल. मग सलग दोन रविवार आणखी. पाळकसाहेब नावं वाचतील आणि विचारतील, या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने सांगावं. मग ते क्षणभर थांबतात, तुला माहीत आहे. ती जागा हरकतीसाठीच ठेवलेली आहे. तुला खरोखर वाटत असेल की हे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, तर उठून उभा राहा आणि माझ्याकडे बघून, तुझ्या स्वतःच्या नावाने म्हण, "माझी हरकत आहे." मी ऐकेन. सगळ्यांसमोर उत्तर देईन. पण मग ती विश्वजीतची हरकत असेल.

आणि बसून राहायचं असेल, तर आईच्या शेजारी बस. तिला घेऊन यायला रामदास साडेआठला तुझ्या दारात येतील. त्यांना चहा विचार.

अजून रागात असलेली, आणि तुझीच,
शेफाली