चिंचेचं झाड, पंधराशे रुपये

४ ऑक्टोबर १९८६, मुलुंड
लताचं चित्र ऐंशी हजारांना गेलं. ऐंशी! पेपरात फोटो. शेजारी चंद्रप्रकाशशेठ, चित्रांचा दलाल. घेणाऱ्याने म्हणे चित्र पाहिलंसुद्धा नाही, फोनवरच "ठेवा" म्हणाला. पुढच्या वर्षी दुप्पट होईल म्हणे. चित्र आहे की शेअर?

हॉस्टेलात एकाच खोलीत होतो आम्ही. तिला धड झाड काढता यायचं नाही. आणि मी इथे शाळेत पाचवीच्या पोरांना मडक्याचं चित्र काढायला शिकवतेय. जळते मी. लिहूनच टाकते — जळते!

६ ऑक्टोबर
जयवंत म्हणतात, फोन करून अभिनंदन तरी कर तिचं. नवऱ्याचं काय जातंय! नाही केला.

१२ ऑक्टोबर
चंद्रप्रकाशशेठ घरी आला! पत्ता लताने दिलेला. तिचं कॉलेजातलं काही आहे का, विचारत होता. नाही म्हटलं.

होतं एक. कॅनव्हास परवडायचा नाही, म्हणून एकमेकींच्या फसलेल्या चित्रांवर पांढरा मारून आपलं काढायचो. तिच्या तसल्याच एकावर माझं चिंचेचं झाड आहे. पण कशाला सांगू? माझ्या घरात बसूनही तिचंच कौतुक ऐकायचं?

उठता उठता त्याने भिंतीवरचं माझं झाड उतरवलं. उलटं करून मागची बाजू कितीतरी वेळ पाहिली. पारखी माणूस! मग विचारलं, खालचा पांढरा कुठला? मी हसून सांगितलं, भिंतीचा डिस्टेंपर, पैसे कुठे होते तेव्हा! लता किती ओरडली होती — "सुलू, टिकायचा नाही गं, पाण्याने सुटेल." पंधरा वर्षं टिकलाय की!

पंधराशे दिले. रोख. माझं पहिलं विकलेलं चित्र!

१३ ऑक्टोबर
स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आता मात्र लताला फोन केला. माझंही गेलं गं, तुझ्याच शेठकडे.

"कुठलं?"

चिंचेचं, म्हटलं. मग नुसतं "बरं" म्हणाली आणि ठेवला.

जळली बाई! झोप छान लागेल आज.

२० डिसेंबर
प्रदर्शनाला गेले होते. मधल्या भिंतीवर लताचं 'हरवलेलं' चित्र, १९७१. सव्वा लाख. उजव्या कोपऱ्यात माझ्या तीन चिंचा अजून आहेत. शेठ गिऱ्हाइकाला सांगत होता, तेवढा डाग राहिलाय, आठवड्यात काढून देतो.