डब्यांच्या रकान्यातलं ‘वरीलप्रमाणे’

४ मे, रविवार

पूजा सहाला आटोपली. दहा ते एक मागच्या खोलीत मोजणी. नदीकाठच्या गावांत पावसाळ्याआधी सहा वायरलेस पेट्या ठेवायच्या आहेत. त्यात कोणाचा लिनियर (सेटची ताकद वाढवणारं यंत्र) बसवायचा, यांचा की कांचनचा, ते ठरवायला. बिराजदार सर (वायरलेस मंडळाचे अध्यक्ष, म्हणून पलंगावर) चुरमुऱ्यांचा सुशीला दोनदा मागून घेतात आणि वर म्हणतात, तेल कमी. 

कांचन स्टुलावर, यंत्र मांडीवर. हदगावची पोरगी, आता नांदेडात दुरुस्तीचं दुकान. सहा वर्षांमागं याच खोलीत यांच्याकडं शिकली. 

मी नेहमीप्रमाणं मीटरच्या पडद्यावरचं वाचायला, कळा फिरवायला आणि वहीत लिहायला. यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा. लोकांना सांगायचं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

यांचं यंत्र: ३४ डीबी. कांचनचं: २१. तीसच्या खाली ते नापास.

ती म्हणाली, “काका, माझ्या दुकानात एकतीस येत व्हतं.”
हे म्हणाले, “दुकानातलं दुकानात.”
बिराजदार हसले. “वहिनींच्या अक्षरात लिहिलंय म्हंजे देवाचं लिहिणं.” माझी सही घेतली, ‘नोंद घेणार’ म्हणून.

कांचन न खाता गेली. ताटली तशीच. मला राग आला. हरलीस तर हर, अन्नावर कशाला काढायचा.

५ मे, सोमवार

उपास. बेलाची पानं धुऊन खिडकीत ठेवायला गेले तर तिथं डबी.

लिनियरमधून निघणारी ताकद मीटरला सोसत नाही, म्हणून मध्ये दोन डब्या लावतात, ताकद उतरवायला. काल यांचं मोजून झालं तेव्हा एक तापली होती. हे म्हणाले, “ही खिडकीत ठेव, निवू दे.” मी पदरानं धरून नेली. मग चहा. मग कांचनचं मोजलं. डबी खिडकीतच.

म्हणजे तिचं एकाच डबीवर मोजलं.

वही काढली. यांच्या ओळीत ‘डब्या: २’. कांचनच्या ओळीत माझंच अक्षर, ‘व. प्र.’ वरीलप्रमाणे. सवय. किराण्याच्या वहीत रोज लिहिते. न बघता लिहिलं.

आता आठवतंय सगळं. तिच्या वेळी पडद्यावर दोन्ही शेंडे वर निघून गेले होते. मीच म्हणाले, “डोकी दिसंनात हो.” हे म्हणाले, “कळ दोन घरं खाली घे.” मी घेतली. डोकी दिसली. बाजूची पिल्लं, म्हणजे नको असलेले बारके शेंडे, केवढाली दिसली. मी वाचलं, एकवीस.

यांना विचारलं.
“दुसरी डबी खिडकीत होती.”
“कुठली?”
“तापलेली. कांचनचं एकाच डबीवर मोजलं आपण.”
 म्हणतात, “तू लिहिलंयस ना, दोन म्हणून.”

तू लिहिलंयस ना! फराळ केलाच नाही.

६ मे, मंगळवार

नवव्या दिवशी नळ आला. भरून झालं. डोकं थंड झालं नाही.

हे मठात प्रवचनाला गेले. मी मागच्या खोलीत गेले. विचारलं नाही कोणाला. चार वर्षं यांच्या हुकमानं त्याच कळा मी फिरवते. कोणती कुठं ते हाताला पाठ आहे.

मोजायचं साधं आहे. लिनियर म्हणजे काय, जेवढं दिलं तेवढंच मोठं करून द्यायचं, आपल्या पदरचं काही मिसळायचं नाही. दोन सूर आत सोडायचे. बाहेर दोनच शेंडे निघावेत. त्यांच्या बाजूला जी पिल्लं उगवतात ती यंत्राची पदरची भर. शेंडा आणि पिल्लू यांच्यातलं अंतर मोजायचं. अंतर जास्त तेवढं यंत्र सरळ.

यांचंच यंत्र लावलं. दोन डब्यांवर चौतीस. मग एक डबी काढली आणि कळ दोन घरं खाली. रविवारी कांचनचं केलं तसंच, काहीही कमी-जास्त न करता.

बावीस.

तीनदा केलं. बावीस, बावीस, बावीस. यंत्र तेच. म्हणजे ती पिल्लं यंत्राची नव्हतीच. ताकद जास्त झाली की मीटरच दबतं आणि मीटरच पिल्लं घालतं. खोट तराजूत आणि शिक्षा गुळाला.

हे आले तसं पुढ्यात वही ठेवली, वाचून दाखवली. पहिलं वाक्य काय, तर “माझ्या खोलीत मला न विचारता करंट लावला?”
म्हणलं, “तुमचं यंत्र नापास झालंय, त्याचं बोला.”
“झाकण घालून ठेव. धूळ बसते.”

बास. एवढंच. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, या माणसाला खोटं बोलताना मी पाहिलं नाही. खरं कबूल करतानाही पाहिलं नाही.

८ मे, गुरुवार

बिराजदारांना फोन.
“वहिनी, कागद तयार झाला. तुमचीच सही हाय त्याच्यावर.”
“सही माझी आहे म्हणूनच सांगते. चुकलंय.”
“तुम्ही मॅट्रिक. ह्या डीबी-बिबीच्या भानगडीत कुठं पडता? सायबांना द्या फोन.”
“मॅट्रिक आहे, आंधळी नाही. पडद्यावरचं मीच वाचलंय.”
मग हसतात. “नवऱ्याचं यंत्र पाडायला निघालेली बाई पहिल्यांदाच बघून राहिलो बगा.”

माझ्या तोंडात आलेलं इथं लिहीत नाही. गळ्यात लिंग आहे.

शेवटी म्हणाले, पंधराला पक्क्या सह्या. तोवर दोघांच्या मोजणीचा नवा कागद आला तर बघू, नाही तर हाच.

हे शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. फोन ठेवला तर म्हणतात, “वरण लागलं का बघ.” लागलं होतं. लागू दिलं. तेच वाढलं.

९ मे, शुक्रवार

कांचनला फोन. तिसऱ्यांदा उचलला.
“काकू, गुरूच्या घरात नापास झालेली हाय मी. मंडळाच्या सगळ्या ग्रुपवर गेलं. दोन गिऱ्हाइकं दिलेलं काम परत घेऊन गेली. आता नको मला.”
डबीचं सांगितलं. बावीसचं सांगितलं.
मग म्हणते, “काकांना माहीत व्हतं?”
“मला माहीत नाही.”
“तुमाला माहीत न्हाई?”
काय सांगू. नाहीच माहीत.
“मोजायचंच असंल तर माझ्या दुकानात. काकांचं यंत्र हिकडं आना. तुमच्या घरात मोजलेलं मला काई नको.”

बोलली ते लागलं. पण बरोबर बोलली. मी तिच्या जागी असते तर फोनच उचलला नसता.

वाईट यंत्रानं काय होतं ते यांनीच शिकवलंय मला. पुरात दोन गावं सेटवरच्या जवळजवळच्या आकड्यांवर बोलत असतात. एकाचं यंत्र पिल्लं घालणारं असलं की दुसऱ्याची हाक त्यात बुडते. भूकंपाच्या साली हे सतरा दिवस सेटवर बसले होते, तेव्हा अशाच एका घाण यंत्राला शिव्या देत होते. शिव्या देणारा हाच माणूस. म्हणून जास्त राग येतो.

११ मे, रविवार

यांना सांगितलं, उद्या यंत्र घेऊन नांदेडला जाते.
वाटलं भांडतील. तयारीत होते मी, चार दिवसांचं साठवून.
म्हणाले, “वरच्या पट्टीला धरू नको. वाकते.”

भांडायचं पण सुख नाही.

१२ मे, सोमवार

सकाळी साडेसहाची एसटी. यंत्र जुन्या चादरीत बांधून मांडीवर, सहा किलो तरी असेल. अहमदपूरपर्यंत पाय बधिर.

कंडक्टर: “मावशी, ह्यात काय? मिक्सर?”
“रेडिओचं यंत्र.”
“लगेज लागंल.”
“मांडीवर आहे माझ्या. मांडीचं लगेज लावतोस का?”
पुढची बाई हसली. तो पण गेला. लोह्याला पुन्हा आला आणि स्वतःहून सीटच्या वर जागा करून दिली. दिलं नाही. सांडलं-पडलं तर परत बोलणी मलाच.

कांचनचं दुकान बसस्टँडच्या मागं, वर पत्रा. आत भट्टी. पाणी दिलं, ‘बसा’ म्हणली नाही. कॉलेजातून मोठं मीटर मागून आणलं होतं. तिचं यंत्र एका बाजूला, यांचं दुसऱ्या बाजूला. प्रत्येक वेळी मोजायच्या आधी माझा हात धरून डब्यांवर ठेवायची. “मोजा काकू. किती?” “दोन.” “लिवा, दोन.” लहान पोरीसारखं मला लिहायला लावलं. लिहिलं. वरीलप्रमाणे एकदाही लिहिलं नाही.

पंखा बंद, वाऱ्यानं यंत्र निवतं म्हणून. घाम वहीवर पडत होता.

भरल्या ताकदीवर: यांचं ३३, कांचनचं ३१.
मग ती म्हणाली, निम्म्या ताकदीवर पण बघू. यांचं ३६, कांचनचं ४१.

एक डबी वाढवून दोन्हींचं परत बघितलं. आकडे हलले नाहीत, म्हणजे आता मीटर खरं बोलतंय.

दोघी आकड्यांकडं बघत बसलो. पहिल्यांदा तीच हसली. “काकांनी भरल्या ताकदीला मला हरिवलंच की.”

तिला हसू आलं. माझ्या अंगाची आग झाली. त्या रविवारी दोन डब्यांवर मोजलं असतं तरी हेच पुढं होते! फक्त पोरगी पास झाली असती. एवढं सोसवलं नसतं? शिकवलेल्या पोरीनं आपल्या मागून दोन पावलांवर यावं, एवढंही?

निघताना कांचननं यंत्र पुन्हा चादरीत बांधून दिलं, गाठी घट्ट. म्हणली, “काकांना मी इचारनार न्हाई. तुमी इचारा. आन खरं काय ते मला सांगा.” स्टँडपर्यंत आली. रसवंतीत रस पाजला. पैसे देऊ दिले नाहीत.

१३ मे, मंगळवार

पाठ धरली. पडून राहिले. पूजेपुरती उठले. पडून पडून राग जुना होत नाही, उलट मुरतो.

१४ मे, बुधवार

जुन्या पानावर ‘व. प्र.’वर लाल रेघ मारली. शेजारी ‘डबी १, चूक माझी’ लिहून सही केली. खोडलं नाही, वाचता आलं पाहिजे. दोन्ही पानांचे फोटो बिराजदारांना पाठवले. अर्ध्या तासात फोन.

“वहिनी, हे निम्म्या ताकदीचं कशाला? कोणतं चांगलं ते एका आकड्यात सांगा.”
“एका आकड्यात येत नाही ते.”
“मंडळाला एकच लागतो.”
“पेटी बॅटरीवर चालणार ना? लाइट गेल्यावर दुसऱ्या दिवशी बॅटरी किती उरते? तेव्हा ताकद निम्मीच निघते. दोन्ही पानं मांडा आणि ठरवा.”
“म्हंजे तुमी पोरीचं चांगलं म्हणून राहिल्या.”
“मी कोणाचंच म्हणत नाही. दोन्ही पास आहेत म्हणते. एकवीस खोटं आहे म्हणते.”
“उद्या बघू.” ठेवला.

काय बघणार देव जाणे. उद्या मी पण जाणार आहे सह्यांना. बोलावलं नाही तरी.

दुपारी यांना जेवण वाढताना विचारलं. सरळ. “शेंडे वर गेले म्हणाले मी, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, डबी कमी आहे ते?”
घास हातात.
“मला आठवत नाही.”
“आठवत नाही?”
“खरंच आठवत नाही गं.”

चाळीस वर्षांमागच्या सेटचा नंबर सांगणारा माणूस. कांचननं पहिल्या दिवशी कोणता पार्ट जाळला ते सांगणारा माणूस. आठवत नाही!

खोटं बोलत असतील तर माझ्याजवळ राग आहे, तो मला पेलतो. आणि खरं बोलत असतील तर. गेल्या महिन्यात यांच्या हातून गॅस दोनदा चालू राहिला होता. मी तेव्हा त्यांनाच बोलले होते, लक्ष कुठंय म्हणून.

नाही. खोटंच बोलत असतील.

जेवून हात धुऊन आले. “किती आलं नांदेडला?” तीन दिवसांत पहिल्यांदा विचारलं. वही पुढं केली. यांनी डोळ्याजवळ नेली, लांब धरली, खिडकीकडं वळवली. पानावर बोट फिरवत राहिले, आकडे बोटाला लागतील असं.

“वाच की.”

मी वाचलं नाही. समोर बसून राहिले.