भट्टी सांभाळणारी

प्रिय भट्टीवाली,

तुझ्या खऱ्या नावानं पत्र सुरू केलं होतं, पण ते परकं वाटलं. आपल्या प्रयोगशाळेत त्या नावानं तुला कुणी हाक मारलीच नाही. टोपणनाव मात्र अजून चालू आहे. भट्टीच्या पॅनेलवर तू पेन्सिलनं केलेल्या खुणा आहेत, त्यांना नवी मुलं 'भट्टीवालीच्या खुणा' म्हणतात. त्यांना वाटतं तू कुणी निवृत्त आजीबाई असशील. तू अजून चाळिशीचीही नाहीस म्हटलं तर हसतात.

आता आपल्याकडे दोन भट्ट्या आहेत. जुनी तीच, लहरी. दुसरी गुणी, पण तिला स्वभाव नाही. काम तेच आहे: तापलेल्या काचनळीतून वायू सोडायचा, कार्बनच्या नॅनोनळ्या वाढवायच्या, त्यांचा लेप धातूच्या पातळ पत्र्यावर चढवायचा आणि मिनिटभरात चार्ज होणारा, वीज साठवणारा घटक बनवायचा. पाहुणे आले की तू सांगायचीस, "तव्याखालच्या काजळीची ही शिकलेली बहीण." मी ते वाक्य अजून वापरते आणि तुझं आहे हे सांगत नाही.

तू गेल्यावर आठ महिने आमचं काही खरं नव्हतं. काळी भुकटी निघायची, पण सोमवारची वेगळी आणि गुरुवारची वेगळी. तू बाहेर पडणाऱ्या वायूचे बुडबुडे नुसते पाहून म्हणायचीस, "आज कुठंतरी गळतंय." आम्ही सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासत बसायचो आणि तासाभरानं तुझं खरं निघायचं. लेप किती सावकाश वाळवला म्हणजे तडकत नाही, हेही तुझ्याच बोटांना ठाऊक होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं. मी कधी लिहून मागितलंच नाही. दर आढाव्यात 'क्षमता' या रकान्यात मी यंत्रांची यादी देत होते आणि माणसं पाच म्हणून सांगत होते. खरं तर एकच होतं.

मग शहाणपण आलं. आता नियम असा आहे की जो शिकला त्यानं सहा महिन्यांत दुसऱ्याला शिकवायचं. पहिला घाणा स्वतःच्या हातानं जाळल्याशिवाय कुणाला पास करायचं नाही. काय बिघडलं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं, लाज न बाळगता. त्या वह्या आता चौदा झाल्या. त्यातलं अक्षर वाचायला मात्र वेगळा तज्ज्ञ लागेल. आज सात जण भट्टी एकट्यानं चालवतात. यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी सव्वा महिना घरी होते, तर परत आल्यावर कळलं की दहा हजार वेळा चार्ज होऊनही टिकलेला आपला पहिला घटक माझ्या माघारी झाला. आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

तो ज्या मुलीनं केला तिला आम्ही शेंडेफळ म्हणतो, कारण ती सगळ्यांत शेवटी आली. बोलते कमी, पण भांडी स्वतः घासते. गेल्या सोमवारी ती दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, बाहेरच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा आहे. तुमचं शिफारसपत्र शुक्रवारपर्यंत गेलं तर बरं होईल." घरी आल्यावर हे जेवताना म्हणाले, "ती गेली तर तुझं अडेल?" मी म्हटलं, "नाही अडणार."  त्यांनी वाढून घेतलं आणि ते जेवत राहिले. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट माझ्याखेरीज त्यांनाच माहीत आहे. मंगळवारी सकाळी मी पत्र पाठवलं, पाठवल्याचं तिला दाखवलं.

आणि त्याच दुपारी तुझा निरोप आला. तुझ्या शाळेतल्या मुलांनी केलेल्या लिंबाच्या बॅटरीचा फोटो, आणि खाली तू लिहिलं होतंस, "संशोधन काही माझ्या कुवतीचं नव्हतं मॅडम, पण शिकवणं जमतंय." ते वाचल्यापासून मला चैन नाही. तुलाही अशाच जागेसाठी माझं पत्र हवं होतं. आढावा तीन महिन्यांवर होता, भट्टी एक होती आणि ती चालवणारी तू एकटी. शेवटच्या तारखेला तू विचारलंस, "पत्र गेलं ना?" मी म्हटलं, "हो, गेलं." गेलं नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं. तुझा अर्ज अपुरा म्हणून बाजूला पडला आणि तुला वाटलं तू कमी पडलीस. वर्षभर तू माझं काम केलंस, आढावा पार पडला, दुसरी भट्टी मिळाली, आणि तू खचून गावी निघून गेलीस. निघताना म्हणालीस, "माझ्यात तेवढं नाही बहुतेक." मी गप्प राहिले. तुझ्यात काही कमी नव्हतं. हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं. परत ये असं मी म्हणणार नाही, कारण तीही माझीच सोय होईल. तू अर्ज केला होतास त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना काल मी झालं ते जसंच्या तसं कळवलं आहे, नक्कल सोबत जोडली आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव. खरं तर मी समोर येऊन हे सांगायला हवं होतं. पण तू लगेच "जाऊ द्या मॅडम" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिलं.

म्हणवून घेण्याचा हक्क उरला असेल तर,
तुझीच,
मॅडम