दुसऱ्या हाताची फाईल

३ फेब्रुवारी

पाठवू की नको? बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे टचपॅडवर एका टिचकीच्या तीन होतात. सोसायटीची एक नोटीस उघडायला जातात आणि तीन उघडतात! मग लॅपटॉपला शिव्या. ड्रायव्हर — म्हणजे बोटाचा स्पर्श कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम — सगळ्यांसाठी खुला आहे, कोणीही सुधारणा पाठवावी. माझी साधी आहे. थरथर ओळखायची, एकच टिचकी धरायची. घरी चालते. पण जगभरच्या लॅपटॉपवर काही बिघडलं तर? वर माझं खरं नाव — समीक्षा, कोलशेतची — सगळ्यांना दिसणार.

४ फेब्रुवारी

नाही पाठवलं.

६ फेब्रुवारी

पाठवलं! सर्वेश मागे उभाच राहिला. "अगं ताई, फार तर नाही बोलतील. खाणारेत का तुला?" धाकट्या भावाला काय जातंय बोलायला! नंतर निम्मा चहा बशीत सांडवला. इतकी कशी मी घाबरट!

९ फेब्रुवारी

उत्तर आलं. प्रकल्प सांभाळणारा हान्नेस, जर्मनीत असतो कुठेतरी. खरडपट्टी नाही! पण चांगल्या हाताच्या टिचक्या ही सुधारणा गिळणार तर नाही ना, ते त्याला पाहायचंय. म्हणून दोन हातांच्या नोंदी मागितल्यात — एक थरथरता, एक निरोगी.

१० फेब्रुवारी

बाबांना बसवलं. बोट टेकवत राहिले, नोंद होत राहिली. "आमच्या अण्णांचाही हात असाच हलायचा," म्हणाले — अण्णा म्हणजे माझे आजोबा — "पण त्यांचं एवढं कौतुक कोणी केलं नाही." मला रडू येत होतं. मी खिडकीतून खाडीकडे बघत बसले.

निरोगी हातासाठी सर्वेशला धरणार होते, तर तो शहाडला मित्राकडे गेलेला. मग माझाच हात दिला. धीर सुटायच्या आत दोन्ही फायली पाठवून टाकल्या.

१२ फेब्रुवारी

काही नाही. नौपाड्यात ऑफिसात बसून दिवसभर मेल उघडायची भीती वाटत होती. काहीतरी चुकलंय. नक्की चुकलंय.

१३ फेब्रुवारी

हान्नेसला सुधारणा आवडली! फक्त खाली एक ओळ — चुकून दोन्ही फायली थरथरत्या हाताच्या आल्यात, निरोगी हाताची तेवढी पाठव.

दोन्ही उघडून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. अदलाबदल झालेली नाही.

दुसरी माझीच आहे.