चौतीसची बाळंतीण

चामोर्शी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंभे,

इथी माहेरी सारे ठीक. बापूजीचा खोकला कमी आहे, वहिनीनं लाखोरीची भाजी खुडून वाळत घातली, माही पोट्टी तीन महिन्यांची झाली अन् हसाले लागली. तू बरीच असशील. आठ दिवस झाले, माहा फोन उचलत नाईस, म्हणून हे पत्र. भाऊ प्रणित उद्या मोहर्लीले सफारीची जिप्सी चालवाले जाते, जाताजाता तुह्या हातात देईन. अक्षर वाकडं आहे, समजून घे. झटके आले तवापासून उजव्या हातात पेन टिकत नाई.

एकच काम आहे तुह्याकडं. बुधवारी तुमच्या गावात नर्सबाई येते, गरोदर बायांले तपासाले. त्याच्या आंधी नीलाबाईच्या कार्डावर तिचं खरं वय लिही. तेहेतीस नाई, बेचाळीस. काल तिचा फोन होता. सातवा चालू आहे, पाय सुजले, चप्पल घुसत नाई म्हणते. डोकंही दुखते. मी म्हटलं, रंभाले सांगितलं का? तर म्हणे, रंभा म्हणते होते असं.

हेच तू मलेही म्हटलं होतं.

आपण दोघी एका बाकावर बसत होतो, व. एकाच पोळ्याच्या महिन्यातल्या. तू त्रेचाळीसची अन् मी चौतीसची, हे कोण्या शाळेत शिकवते? तुह्या सासरच्या गावचं स्थळ तूच आणलं होतं. मायच्या आजारपणात माहं लगन राहून गेलं, अडतीसची झाली होती मी. तू म्हणाली, "एकोणतीस सांगू, तशीही तू बारीक आहेस." बापूजीनं आधारातही तेच साल टाकून घेतलं. नीलाबाईचंही तूच जमवलं, तिचीही नऊ वर्षं तूच खाल्ली.

मग मले दिवस गेले, अन् गावची आशा सेविका म्हणून कार्ड भराले तूच आली. सासू समोर तांदूळ निवडत बसली होती. तू न विचारता चौतीस लिहिलं. सातव्या महिन्यात नर्सबाईले बीपी जरा चढलेला दिसला. तिनं वय विचारलं. मी तोंड उघडाच्या आंधी तू बोलली, "चौतीस, मॅडम." खरं सांगितलं असतं तर जोखमीची बाई म्हणून कार्डावर लाल शिक्का बसला असता, चंद्रपूरले मोठ्या डॉक्टरकडं पाठवलं असतं. तिनं मीठ कमी कर म्हटलं अन् पुढची बाई बोलावली.

पाचवीच्या दिवशी माहं डोकं फुटून राह्यलं होतं. डोळ्यापुढं काजवे. तू पाटा पुजून राह्यली होती. मी हाक मारली तर म्हणाली, "बाळंतिणीले होते असं," अन् कपाळाले फडकं आवळून बाजेखालची शेगडी फुलवली. सांजच्याले पहिला झटका आला. तीन दिवस मी कुठी होती मलेच मालूम नाई. दूध आटलं. पोट्टी डब्याच्या दुधावर आहे, अन् तिले उचलाले मले वहिनी लागते.

तरी मी तुले एका शब्दानं बोलली नाई. आठव.

मागच्या हप्त्यात तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमचा फोन आला. माह्या बाळंतपणाची चौकशी होती. तुह्या वहीतलं त्यांनी वाचून दाखवलं: वय त्रेचाळीस, धोका समजावून सांगितला, घरच्यांनी मोठ्या दवाखान्यात जाण्यास नकार दिला. कवा सांगितलं व तू? कोणाले सांगितलं? माहा जीव वाचवाचा होता तवा मी चौतीसची. तुही नोकरी वाचवाची झाली तवा त्रेचाळीसची.

आता माहं लिहिते. सकाळपासून इथीच पेन अडते. तू चौतीस लिहिलं तवा मी तुह्याकडं पाहून मान हालवली होती, सासूपुढं बोलू नोको म्हणून. ते तुले मालूमच आहे. पुढचं नाई. दवाखान्यात शुद्धीवर आली तवा डॉक्टरीणबाई वाकून म्हणाली, "ताई, खरं वय सांगा." पायथ्याशी रुखमाबाई उभी होती, माही सासू. मी मरणाच्या दारातून आली होती, जीभ दातात चावून सुजली होती, तरी त्या जिभेनं चौतीसच म्हटलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्यांदाही तेच. पोट्टीचा विचार नाई आला मले, सासू काय म्हणन याचा आला. स्वतःची किळस येते रंभे, पण असंच झालं.

म्हणूनच तू निर्धास्त आहेस. रंजीता बोलन कशी, बोलली तर तिचंच घर जाईन. तर ऐक. गुरुवारी माह्या नवऱ्याले, इसरूले, फोन करून मी सारं सांगितलं. पाच वर्षाचा संसार आहे, वाटलं शिव्या देईन. त्यानं "आईले काय सांगू?" एवढंच विचारलं अन् फोन ठेवला. काल आम्हाले न्याले येणार होता. पोट्टीले काजळ लावून, नवं झबलं घालून मी पाचच्या एसटीपर्यंत ओट्यावर बसली. आला नाई.

आता माह्यापाशी लपवाचं काई उरलं नाई. नीलाबाईले म्हटलं, तूच सांग नर्सबाईले. ती म्हणे, माही हिंमत नाई, रंभा सांगन तर मी हो म्हणीन. म्हणून हात जोडते, सांग. तिच्या घरी आदळआपट होईन, होऊ दे. ती जिवंत तर राहीन.

नाई सांगितलं, तर बुधवारी पोट्टीले घेऊन पहिल्या एसटीनं मीच येते. सासरच्या गावात, साऱ्या बायांपुढं, आपल्या तिघींची वयं मीच सांगीन. मग मले कोणी घरात घेतलं नाई तरी परतीची एसटी आहे.

पोट्टीच्या जन्मदाखल्यावर आईचं वय अजून चौतीस आहे. ते दुरुस्त कराले अर्ज टाकला. सही डाव्या हातानं केली, इथीही तशीच करते.

तुह्याच बाकावरची,
रंजीता
वय वर्षे त्रेचाळीस