एकाच दाराची नवी बिजागरी

अण्णा, काल घरात स्वयंपाकघराची कपाटं बसली. घर म्हणजे माझं आणि आईचं. तळेगावात, स्टेशनापासून चालत येता येईल इतक्या अंतरावर मी दोन खोल्या घेतल्या आहेत. तुम्हाला हे कळवायचं तसं काही कारण नाही. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आई आता तुमच्या आवडीची दोडक्याची भाजी करताना तुमचं नावही काढत नाही. पण काल दिवसभर तुम्ही त्या ओट्यापाशी उभे होतात, आणि ते मला सहन झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

बसवायला आलेला माणूस बोलायला गोड होता. काम करताना सारखा फोन कानाला, आणि मधून मधून माझ्याकडे बघून "टेन्शन घेऊ नका ताई." दुपारी हात झटकत म्हणाला, "झालं, बघून घ्या." मी बघून घेतलं. आधी दारापर्यंत मागे गेले आणि लांबून फटी बघितल्या. दोन दारांमधली फट वर बारीक, खाली रुंद. एक दार अर्ध्यावर उघडून सोडलं. ते तिथंच थांबायला हवं, पण हळूहळू सरकत पार भिंतीला जाऊन टेकलं. सिंकखाली वाकले, तर पाइपासाठी कापलेल्या प्लायच्या कडा तशाच उघड्या, पहिल्याच गळतीला फुगायला तयार. वरचं कपाट भिंतीला वरच्या बाजूने चिकटलेलं आणि खालून बोटभर सुटलेलं, ती फट त्याने पांढऱ्या सिलिकॉनने भरून टाकली होती. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "भिंतच आऊट आहे ताई, बिल्डरला विचारा." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मग मी दारं उघडून बिजागऱ्या बघायला लागले. चार स्क्रूंच्या जागी दोनच, आणि एका दाराला तर आधीची भोकं बुजवून शेजारी नवी पाडलेली. दुसऱ्या कुणाच्या घरून काढून आणलेलं दार मला लावलं होतं. त्याला विचारलं तेव्हा तो हसला. "ताई, वरून चकाचक दिसतंय ना? आत कोण बघतंय!"

आत बघणारा माणूस मी पाहिलाय, अण्णा. त्याच्या हाताखाली मोठी झाले. पिंपरी कॅम्पातल्या त्या अरुंद दुकानात तुम्ही आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरांची कपाटं केलीत, आणि सुट्टीच्या दिवशीही तुमचा हात थांबत नसे. कुणाच्याही वास्तुशांतीला गेलो की बाकीचे देवाला हात जोडून शिऱ्याच्या वाटीकडे वळत आणि तुम्ही सरळ ओट्याखाली डोकं घालत. आई लाजेने अर्धी होई. "अहो, या बाहेर, लोकं बघायलेत," असं दबक्या आवाजात म्हणत तुमचा सदरा ओढी. तुम्हाला त्याचं काही नसे. तुम्ही मला खूण करून आत बोलवायचात आणि दाखवायचात, हे असं का, ते तसं का. चिखलीतल्या मावशीच्या घरी सत्यनारायणाला गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुम्ही एक दार उघडता, बिजागरीवर बोट ठेवता आणि म्हणता, "हे बघ बाई. बाकीच्या बिजागऱ्या काळपटल्यात आन् ही एकटी चमकायली. एकाच दाराची बिजागरी नवी दिसली की समजायचं, ते दार कुणीतरी उपटलंय. दार आपल्या पायानं निघून येत नसतंय." मग तुम्ही बोट वरखाली फिरवून जुनी, बुजवलेली भोकं शोधून देता. मावशीचा थोरला दाराला लोंबकळला होता म्हणे. तो मार खातो, तुम्हाला शिऱ्याची दुसरी वाटी मिळते, आणि घरी येईपर्यंत मी तुमच्याकडे मोठ्या अभिमानाने बघत राहते.

त्यामुळेच मला तो दुसरा दिवस विसरता येत नाही. माझ्यासाठी आलेलं चिंचवडचं स्थळ. मुलगा चाकणला कंपनीत पर्मनंट, स्वतःचा फ्लॅट, मागे-पुढे कुणाचं ओझं नाही, घरात फक्त त्याची आई. लातूरकडून नुसत्या हत्यारांच्या पिशवीनिशी आलेल्या तुमच्यासारख्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं होतं? घर बघायला आपण तिघं गेलो. पोहे झाले, आणि होणाऱ्या सासूबाई कौतुकाने स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेल्या. तुम्ही तुमच्या सवयीप्रमाणे एकेक दार उघडत चाललात. मी मागे उभी होते, जरा हसतच, की आता हे काय काढतात. मसाल्यांच्या कपाटाचं दार उघडलंत, बोट बिजागरीवर गेलं आणि थांबलं. मग ते थोडं वर गेलं, थोडं खाली आलं. तुम्ही दार मिटलंत. नेहमी तुम्ही हात सोडून दार आपटू द्यायचात, त्या दिवशी तळवा लावून हलकेच मिटलंत. सासूबाईंनी विचारलं, "काही चुकलंय का हो? तुम्ही यातले जाणकार." तुम्ही म्हणालात, "न्हाई न्हाई, फिटिंग चांगली हाय."

परतताना रिक्षात तुम्ही गप्प. आईने विचारलं, "कसं वाटलं?" तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "पोरगा पर्मनंट हाय. घर सोताचं हाय." त्यांच्या कपाटांबद्दल एक अक्षर नाही. ज्या माणसाने कुणाच्याही घरातून निघाल्यावर पिंपरी येईपर्यंत त्यांच्या सिंकखालच्या फटींचं पुराण लावावं, तो माणूस गप्प. मला वाटलं, लेक जाणार म्हणून गलबललात. मला त्या गप्प बसण्याचंही कौतुक वाटलं. घ्या.

लग्नात आईने रुखवतात मांडायला लाडू, चकल्या, कापसाच्या बाहुल्या, सगळं हौसेने केलं होतं. सकाळी बघितलं तर पितळी डब्यांच्या शेजारी तुमचा तो लाकडी मुठीचा आखूड पेचकस ठेवलेला, वर हळदीकुंकू लावून. वऱ्हाडात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "सुताराची लेक म्हणून जावयाला आवळायला पाठवताय का?" तुम्हीही हसलात. नंतर मला बाजूला घेऊन म्हणालात, "ठेव बाई जवळ. बिजागऱ्या ढिल्या होत असत्यात." मी डोळे पुसत तो पदराखाली घेतला. बापाच्या हातातली वस्तू, मला त्यावेळी दागिन्याहून जास्त वाटली.

वर्षही झालं नव्हतं. नवरा पहिल्या शिफ्टवरून आला होता, आमटीत मीठ कमी पडलं होतं. मी मीठ द्यायला वळले, तेवढ्यात त्याने मसाल्याच्या कपाटाचं दार धरून असं ओढलं की ते बिजागरीसकट त्याच्या हातात आलं. ते त्याने जमिनीवर टाकलं आणि आत जाऊन झोपला. सासूबाई म्हणाल्या, "असा आहे तो. मनात काही नसतं त्याच्या." हळद, तिखट, जिरं, सगळं फरशीवर. ते भरून झाल्यावर मी तुमचा पेचकस काढला आणि दार उचललं. बिजागरी जिथून उपटली होती तिथं भोकांमध्ये आगपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकलेल्या होत्या, आणि त्यांच्या वर एक जोडी, खाली एक जोडी, अशी आणखी बुजवलेली भोकं. म्हणजे हे दार माझ्या आधीही उपटलं होतं, आणि एकदाच नव्हे. तुमचं बोट वर गेलं होतं, तुमचं बोट खाली आलं होतं. मी त्या फरशीवर बसले, अण्णा, आणि मला सगळं कळलं.

पुढे ते दारावर थांबलं नाही. दाराऐवजी त्याच्या हातात माझं मनगट सापडलं त्या दिवशी मी पट्टी बांधून सासरी न सांगता बसने कॅम्पात आले, तुमच्या दुकानात. तुम्ही एका दाराची कड घासत होतात. पट्टी बघितलीत. चहा सांगितलात. चहा येईपर्यंत घासतच राहिलात, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "ढिलं झालं तर आवळायचं असतंय बाई. दार काढून फेकून देत नसत्यात." मी चहा तसाच ठेवून निघाले. त्या वाक्यावर मी किती वर्षं काढली, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी त्या घरात पेचकस घेऊन आवळत राहिले. तुम्ही होतात तोवर माहेरी परत यायची मला सोय नव्हती. तुम्ही गेलात, वर्षश्राद्ध झालं, आणि मी एक बॅग घेऊन बाहेर पडले. लोकांना वाटलं बाप गेल्यावर पोरीचा आधार गेला. मला तर तेव्हाच सुटल्यासारखं वाटलं, आणि हे मी आज तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण तुम्हाला लागावं अशी माझी इच्छा आहे.

आता महाळुंग्याला एका कारखान्यात गाड्यांच्या दारांवर काम करते. दार बसलं की फटीत बोट फिरवून बघायचं, सारखी आहे की नाही. नसली तर लाल खूण करायची आणि दार परत पाठवायचं, मग सुपरवायझर कितीही ओरडो. मी ओके म्हटलेलं दार आजवर परत आलेलं नाही. तुमचीच विद्या, फक्त मी तोंड उघडते.

कालही उघडलं. त्या गोडबोल्याला सगळी कपाटं उतरवायला लावली. तो चरफडत उद्या येतो म्हणून गेला. तेवढ्यात आई आली. ते भोकं बुजवलेलं दार मी भिंतीला टेकवून ठेवलं होतं, ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. चिंचवडचं दारही असंच होतं एवढं तिला माहीत होतं, पण तुम्हाला ते दिसलं होतं का, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं, आणि तीही काही बोलली नव्हती. काल आपणहून म्हणाली, "त्यांना दिसलं नसंल गं. त्या दिवशी चष्मा घरीच राहिला होता त्यांचा. रात्री घरी मला म्हणले बी होते." इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या हातात तुमची सुटका आणून ठेवली होती. चष्मा नव्हता. दिसलं नाही. एक म्हातारा माणूस, अंधुक नजर, चुकलं. एवढं मानलं असतं तर तो पेचकस नुसताच बापाची आठवण झाला असता, आणि दुकानातलं ते वाक्य नुसतंच जुन्या वळणाच्या माणसाचं बोलणं. मला फक्त "असेल" म्हणायचं होतं. आईही तेवढ्याचसाठी थांबली होती, तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी चिडले. अगदी मनापासून चिडले. म्हणाले, "आई, काहीतरी बोलू नकोस. अण्णांच्या बोटाला चष्मा लागत नव्हता."

ती आत गेली, आणि मी त्या दारापाशी बसून राहिले. हे पत्र टाकायचं नाहीये, टाकणार तरी कुठे. पण एवढं तुम्हाला कळायला हवं. तुम्हाला माफ करायचा रस्ता काल समोर होता, फक्त तुमच्या हाताची एक चूक कबूल करायची होती. ते माझ्याच्याने झालं नाही. मला अजून तुमच्या कामाचा अभिमान आहे, अण्णा.